रिपोर्ट चार वाजता मिळणार होता

मंडळी, मुंबईला आपण सहसा हिंडायला जात नाही, कामाला जातो. दवाखाना, कोर्ट, मंत्रालय, नाहीतर मुलांची परीक्षा. मी थोरल्या भावाला घेऊन परळच्या दवाखान्यात जायचो. एकदा सकाळी अकराला सांगितलं, रिपोर्ट चार वाजता मिळेल. दादा म्हणाला, "मी इथं बाकावर पडतो, तू जरा पाय मोकळे करून ये." भायखळ्याकडे जाणारी बस आली, चढलो आणि राणीच्या बागेपाशी उतरलो.

ही बाग तुम्ही म्हणाल सगळ्यांनाच ठाऊक आहे. शाळेच्या सहलीत मीही पाहिली होती, पण आपण पाहतो ते पिंजरे. त्या दिवशी मी झाडांकडे गेलो. एका झाडाच्या फांद्यांना ओले रुमाल वाळत घालावेत तसं काहीतरी लोंबत होतं, तांबूस-जांभळट. हात लावला तर ती कोवळी पानं होती. अजून ताठ व्हायची होती, हिरवी व्हायची होती. वर मान केली तर लाल फुलांचे झुंबरासारखे घोस, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा रंग. उर्वशी! तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना जे झाड मी फक्त चित्रात दाखवलं होतं, त्याच्याखाली मी उभा होतो. मूळचं हे ब्रह्मदेशातलं. वॉलिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते 1820च्या दशकात एका जुन्या बौद्ध मठाच्या बागेत सापडलं. जवळच्या गुहेतल्या बुद्धमूर्तींपुढे त्याची फुलं वाहिलेली होती. याला बी फार क्वचित धरतं. म्हणजे असं एखादं झाड गेलं की ते सहजासहजी परत मिळत नाही. म्हणूनच प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणात इथली जुनी झाडं जातील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा मुंबईतल्या काही बायका वर्षानुवर्षं त्यासाठी झगडल्या. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

घरी आल्यावर मी या बागेचा इतिहास वाचला. ही बाग 1862 साली सुरू झाली. त्याआधी वनस्पतींची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला आली. तेव्हापासून कुठल्याही बागेत शिरलो की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, इथं आधी काय होतं?

मुंबईत या प्रश्नाची उत्तरं थक्क करतात. आपल्यातल्या किती जणांनी धारावीतलं जंगल पाहिलंय? शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस डेपोसमोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे 37 एकर. तिथं शहराचा कचरा टाकला जायचा. मोठमोठे ढीग होते. ते बंद झाल्यावर 1983 साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या हस्ते तिथं पहिलं झाड लावलं गेलं आणि 1994 साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज आत गेलात की दहा पावलांत रस्त्याचा आवाज मागं पडतो. मी गेलो तेव्हा पायवाटेवर पालापाचोळा होता आणि त्यात एक कोतवाल पक्षी किडे टिपत होता. पलीकडे मिठी नदी आणि काठावर तिवरं. पायाखाली कचरा आहे हे माहीत असताना त्या सावलीत बसणं, मंडळी, मला देवळात बसल्यासारखं वाटलं. कचऱ्यावर माती घालून कुणीतरी तिथं एकेक रोप जगवलं आहे, हे मी विसरू शकत नाही.

तिसरी जागा फोर्टात, एशियाटिक ग्रंथालयाच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या, पायऱ्यांसमोर. हॉर्निमन सर्कल. त्याच्या कडेनं आपण शंभरदा जातो आणि फाटक ढकलून आत जात नाही. इथं पूर्वी मोकळं मैदान होतं, कापसाच्या गाठी पडायच्या, नंतर नारळाच्या करवंट्यांचा उकिरडा झाला. 1872 साली त्याची गोल बाग झाली. 1850च्या दशकात शेअर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे, तेही याच परिसरात. बागेला ज्यांचं नाव आहे ते बेंजामिन हॉर्निमन इंग्रज संपादक. भारताची बाजू घेतली म्हणून 1919 साली इंग्रज सरकारनं त्यांना हद्दपार केलं. बाग लहान आहे, पण दुपारी कचेरीतली माणसं डबा घेऊन तिथं येतात, तेव्हा बघा.

त्या पहिल्या दिवशी राणीच्या बागेतून चार वाजता मी परळला परत पोचलो. दादाला खिशातून उर्वशीची एक गळालेली पाकळी काढून दिली. त्यानं ती रिपोर्टच्या पाकिटात ठेवली.

कुणी मुंबईला जाणार असेल, तर भायखळ्याला पूर्वेला उतरा, पायी जाता येतं. फुलं बघायची असतील तर फेब्रुवारीच्या सुमाराला जा, आणि बुधवार टाळा. त्या दिवशी राणीची बाग बंद असते.