माशीचा डाग की तार सप्तक?

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की वाटेत मोझरी लागतं. 1935 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी इथे गुरुकुंज आश्रम उभारला आणि आजूबाजूला गावोगावी भजन मंडळं उभी राहिली. महाराजांची खंजिरी. पण ज्या मंडळात पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली, तिथे पेटीवाल्याची वहीही आली. चाल विसरू नये म्हणून त्याने ती सा-रे-गमध्ये उतरवून ठेवली. कुणी दोनशेपानी वहीत, कुणी दुकानाच्या लाल चोपडीत.

त्या वह्या आता ट्रंकेत नाहीतर माळ्यावर पडून आहेत. आम्ही त्याच स्कॅन करतो. छापील पुस्तकं कुणी आग्रहाने आणून दिली तरी बाजूला ठेवतो. त्यांची दुसरी प्रत कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात सापडते. हातच्या वहीला वाळवी लागली की चाल गेली.

हे पान बघा. गंधाराखाली (ग) आडवी रेघ, म्हणजे कोमल, नेहमीपेक्षा किंचित उतरलेला. मध्यमावर (म) उभी रेघ, म्हणजे तीव्र, किंचित चढलेला. ओळीखालची फुली म्हणजे तालाची सम, पहिली मात्रा; शून्य म्हणजे ‘खाली’, टाळी न देण्याची जागा. ही स्वर लिहिण्याची भातखंडे पद्धत. आता हे दुसऱ्या पेटीवाल्याचं पान. इथे कोमल स्वराचा पाय मोडलाय. ही विष्णु दिगंबर पलुसकरांची पद्धत. स्वराच्या डोक्यावर टिंब असलं तर भातखंड्यांकडे तो तार सप्तकातला, म्हणजे वरचा, पलुसकरांकडे मंद्रातला, म्हणजे खालचा! म्हणून आमच्या नोंदीत पहिला रकाना पद्धतीचा.

पण ते टिंबच आहे कशावरून? वही वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या फळीवर, माशा बसलेल्या. मोबाइलवरची स्कॅनिंग ॲपं पान ‘स्वच्छ’ करून देतात. कागद पांढराशुभ्र, अक्षरं काळीकुट्ट, दिसायला झकास. त्या सफाईत माशीचा तपकिरी डाग आणि निळ्या शाईचं टिंब दोन्ही सारखेच काळे होतात आणि पेन्सिलीची फिकट रेघ उडते. गंधाराखालची रेघ गेली की काफी रागाचा खमाज राग झालाच म्हणून समजा.

म्हणून पान रंगीत घ्यायचं, 400 डीपीआयवर, कुठलीही सफाई न करता. ए-फोर आकाराचं एक पान अशा टिफ फाइलमध्ये साधारण 46 एमबी भरतं. मूळ फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. लोकांना बघायला हलकी जेपेग.

फ्लॅश नाही, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड. पानं फडफडतात म्हणून पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं काय असतं, ते अकोल्याच्या माणसाला विचारा. ‘नेजा, पण वापस आनून देजा,’ असं घरचे म्हणतात. तरी वही घराबाहेर न्यायची नाही, ओसरीवरच टेबल मांडायचं.

मधेच कापसाचा हिशेब येतो, उधारी येते. तीही पानं घ्यायची. गाण्यावर सहसा तारीख नसते, हिशेबावर असते. वहीचा काळ ठरवायला तीच कामी येते.

आता नेटवर काय टाकायचं? आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, तोही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. महाराजांचं निर्वाण 1968 सालचं, म्हणजे त्यांच्या भजनांची मुदत 2028 अखेर. पेटीवाल्याने स्वतः चाल बांधली असेल तर तिचा हक्क वेगळा, त्यासाठी त्याच्या घरच्यांना विचारायला हवं. तेव्हा आधी तुकोबा-नामदेवांच्या अभंगांची पानं, घरच्यांची लेखी परवानगी घेऊन. बाकीच्या वह्यांची सध्या फक्त सूची: धृपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ), ताल, पट्टी (सुराची उंची). शोधणारा धृपदावरूनच शोधणार, वहीचा नंबर कुणाला पाठ असतो?