उतारशाळेत जागा नव्हती

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या नाताळ. आमच्या लहानपणी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांमधली आम्ही मुले या दिवशी संध्याकाळी विश्वामित्रीचा पूल ओलांडून, काळा घोडा पुतळ्याजवळून, फतेहगंजातली रोषणाई पाहायला पायी निघत असू. कमाटीबागेचे फाटक आले की पाय दुखायला लागायचे आणि बरोबरचे मोठे माणूस म्हणायचे, ‘आता आलेच.’ त्या फाटकाच्या आत एकेकाळी काय घडले होते, हे मला फार उशिरा, बरेच वाचन झाल्यावर कळले.

लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्ट आहे. रोमच्या बादशहाने खानेसुमारीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला आली, आणि तिथे त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. मराठी बायबलातला ‘उतारशाळा’ हा शब्द मला फार बोलका वाटतो, कारण आपल्याच शहरात 1917 साली, सप्टेंबर महिन्यात, नेमक्या अशाच एका उतारशाळेचे दार एका तरुणासमोर बंद झाले होते.

तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरी करण्यासाठी बडोद्यात आले. दरबारात काम होते. राहायला मात्र जागा नव्हती. जात कळली तर कोणी थारा देणार नाही, म्हणून ते एका पारशी उतारशाळेत पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव खोलीच्या दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्हाला घरात घेतले तर माझे नोकर काम सोडून जातील. ख्रिस्ती मित्राने, पत्नीला विचारून सांगतो, असे म्हणून वेळ मारून नेली. ते कुटुंब मुळात ब्राह्मण होते आणि पत्नीचे सोवळे धर्मांतरानंतरही सुटले नव्हते. नाताळच्या आदल्या दिवशी हे सांगणे थोडे कडू आहे, पण ते बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि गव्हाणीची गोष्ट दरवर्षी ऐकणाऱ्यांच्या घरातही उतारशाळेचा कारभार चालू शकतो, हे लपवून या सणाचे काही भले होणार नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले काही तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

याच्या दहा वर्षे आधीही बडोद्याने एक हरलेला माणूस पाहिला होता. इंग्रजी राज्यात नाताळात कोर्टकचेऱ्या बंद असत आणि वकील मंडळी मोकळी असत, म्हणून राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, अधिवेशने बहुधा याच दिवसांत भरत. पहिले अधिवेशन 28 डिसेंबर 1885 रोजी मुंबईत 72 प्रतिनिधींच्या उपस्थितीत भरले, तेही पुण्यात पटकीची साथ आल्यामुळे तिथून हलवून. राज्यकर्त्यांच्या सणाने राज्याविरुद्ध बोलायला सवड दिली, ही गंमत इतिहासानेच करावी! पण 1907 च्या सुरत अधिवेशनात नेमस्त आणि जहाल यांची उघड जुंपली, मंचावर जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा मोडली. तिथून जहालांचे एक पुढारी अरविंद घोष बडोद्याला आले. 1893 पासून 1906 पर्यंत ते या संस्थानाच्या नोकरीत होते, त्यामुळे त्यांचे स्वागत जोरात झाले आणि विद्यार्थ्यांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली. पक्ष दुभंगलेला असताना त्यांनी काय केले, तर सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या माडीवरच्या खोलीत विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले. पुढे मे 1908 मध्ये अलीपूर बाँब खटल्यात त्यांना अटक झाली आणि वर्षभराच्या तुरुंगवासानंतर ते निर्दोष सुटले, तेव्हा उत्तरपाडा येथील भाषणात त्यांनी कोठडीत वासुदेवाचे दर्शन झाल्याचे सांगितले.

त्या तीन दिवसांचा मी पुष्कळदा विचार करतो. राजकारणातून पळ काढला, असे कोणी म्हणेल, पण लगेच जानेवारी 1908 मध्ये ते मुंबईत जाहीर सभेत बोलले. माझ्या समजुतीप्रमाणे श्रद्धेचे काम इथे इतकेच होते की मोडलेल्या सभेला त्यांनी शेवट मानले नाही.

आता कमाटीबागेकडे परत येऊ. त्या रात्री बडोदे सोडून गेलेल्या तरुणाने दहा वर्षांनी महाड येथे सत्याग्रह परिषद भरवली. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर अस्पृश्यांना मारहाण झाली होती. डिसेंबरात परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. पुन्हा जागेचाच प्रश्न, आणि या वेळी दार उघडणारा भेटला! 25 डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, बाबासाहेबांनी भाषणात त्या परिषदेची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली, आणि त्याच रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र त्या वेळी झाला नाही. कोर्टाचा मनाईहुकूम असल्याने तो स्थगित करावा लागला, आणि हजारो माणसे पाणी न घेता घरी परतली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. म्हणजे आणखी नऊ नाताळ त्यांनी वाट पाहिली.

उद्या संध्याकाळी आपल्यापैकी पुष्कळजण मुलांना घेऊन फतेहगंजाकडे जाल. वाटेत सयाजीबाग लागेल, म्हणजे आपली कमाटीबाग. आत वडाखाली संकल्पभूमी, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या काही तासांचे स्मारक, आहे; दर वर्षी 23 सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसे येतात. मुलांचे पाय दुखायला लागले, तर तिथे घटकाभर बसा आणि त्या रात्रीच्या गाडीची गोष्ट त्यांना सांगा.

नमस्कार.