‘बस कर’ म्हणणारी पेशी

(दृश्य : तापीकाठचं दादर ज्वारीचं शेत, माळ्यावर राखणदार)

दादर दाण्यावर आली की पाखरं उतरतात आणि माळ्यावरून गोफण फिरते. पाखरं उडाल्यावरही ती फिरतच राहिली, तर दगडांनी कणसंच झडायची. आपल्या रक्तातही अशा गोफणी आहेत, रोगाशी लढणाऱ्या प्रतिकार पेशींच्या, आणि त्यांना ‘बस कर’ म्हणणाऱ्या पेशीही. त्या नियामक टी पेशी.

शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या जपानात ओळखून दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडलं. या पेशी त्याच्याच हुकमावर घडतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल तिघांना मिळालं.

(दृश्य : दवाखान्यातला बाक)

“मानले गाठ उनी, पन दुखस नही.” (मानेला गाठ आली, पण दुखत नाही.)

धुळे-अमळनेरकडे हे वाक्य नवं नाही. ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन : टीबीतही हेच, लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही हेच. म्हणून गाठीचा तुकडा तपासावाच. अंदाजाने औषधं घेत महिने घालवू नका, कळकळीने सांगतो.

हॉजकिन लिम्फोमाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की चकित व्हायला होतं. कर्करोगाची पेशी बहुतेकदा शंभरात एखादीच. बाकी सगळी गर्दी प्रतिकार पेशींची! ती एक पेशी सीसीएल१७ सारखी रसायनं सोडते, त्या मागावर नियामक पेशी येतात आणि मारायला आलेल्या पेशींनाच थोपवून धरतात.

मग या नियामक पेशींनाच हटवावं? मोगॅम्युलिझुमॅब हे औषध जपानात २०१२ मध्ये एका टी-पेशी लिम्फोमासाठी मंजूर झालं. कर्करोगाबरोबर ते नियामक पेशीही घटवतं. पण त्यानंतर लगेच दात्याच्या मूळपेशी दिल्या, तर त्या पेशी रुग्णाच्याच अंगावर जास्त त्वेषाने उठतात. गोफण आवरणारं कोणी उरलेलं नसतं.

फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात तर काही अभ्यासांत या पेशी जास्त असलेले रुग्ण जास्त जगले. लिम्फोमा मुळात प्रतिकार पेशींचाच कर्करोग. त्यालाही त्या आवरत असाव्यात. गाठीत त्या नेमक्या कुठे बसल्यात, यानेही फरक पडतो.

(दृश्य : रात्रीचं स्थानक, मुंबईची गाडी)

‘प्रतिकारशक्ती वाढव’ म्हणत पाहुणे पुडी देतात, मायेनेच देतात. इथे आजारी पडलीय ती प्रतिकारशक्तीच. मुंबईला निघताना पिशवीत गाठीच्या त्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या घ्या. तिथले डॉक्टर त्या मागतील.