रंगूनचा कैदी आणि जफरची गझल

नमस्कार श्रोतेहो. शेवटचे मोगल बादशहा बहादूरशाह जफर यांचा जन्म १७७५चा. गादी मिळाली १८३७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. कवितेत त्यांचे उस्ताद, म्हणजे गुरू, जौक, आणि १८५४ मध्ये जौक वारल्यावर गालिब. १८५७चा उठाव चिरडला गेला, लाल किल्ल्यात खटला चालला आणि ऑक्टोबर १८५८ मध्ये म्हाताऱ्या बादशहांना दिल्लीबाहेर काढलं. कलकत्त्याहून जहाजाने रंगून.

तिथे राहायला लाकडी घर, चार खोल्या, प्रत्येक सोळा फूट लांब-रुंद. खाण्यापिण्याचा खर्च दिवसाला ११ रुपये, रविवारी एक रुपया जास्त. आणि लेखणी, शाई, कागद यांना सक्त मनाई! कवीला याहून कठोर शिक्षा कोणती?

७ नोव्हेंबर १८६२ रोजी पहाटे ते गेले आणि त्याच दिवशी दुपारी चारला दफनही झालं. विटांची कबर, वर जमिनीच्या पातळीला बसवलेली हिरवळ, भोवती बांबूचं कुंपण. कुंपण कुजेपर्यंत गवत माजेल आणि जागेचा मागमूस उरणार नाही, असा सरकारी हिशेब होता. तो खराही ठरला. मूळ कबर सापडली १९९१ मध्ये, खोदकाम चालू असताना. 

आता गझलेकडे. मनाईमुळे रंगूनमधलं जफर यांच्या हातचं लेखन मिळत नाही. त्यांचे चार दीवान, म्हणजे गझलसंग्रह, उठावापूर्वीचे. म्हणून 'जफरची' म्हणून गायली जाणारी गझल आधी दीवानात शोधावी. दीवानात गझला विषयवार नसतात, तर ओळीच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे, उर्दू वर्णक्रमाने लावलेल्या असतात. 'लगता नहीं है जी मेरा उजडे दयार में' घ्या. 'दयार' हा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द; 'में' हा रदीफ, म्हणजे त्यानंतर दर शेरात तसाच येणारा शब्द. उर्दूत 'में' नून, म्हणजे 'न', या अक्षराने संपतो, म्हणून नूनखाली पाहायचं. तिथे ती मिळत नाही. तिच्यात गायला जाणारा 'उम्रे-दराज'चा शेर थोड्या फरकाने शायर सीमाब अकबराबादींकडे सापडतो. 'न किसी की आँख का नूर हूँ' ही तर शायर मुज्तर खैराबादींची. मक्त्यात, म्हणजे कवीचं नाव येणाऱ्या शेवटच्या शेरात, 'जफर' आलं एवढ्यावर विसंबू नये, नाव मागाहूनही घालता येतं.

ज्या ओळींनी आपले डोळे पाणावतात त्या दुसऱ्याच्या निघाल्या, तर जफर लहान होत नाहीत. लांबलचक रदीफ घेऊन अवघड जमिनीत, म्हणजे वृत्त, काफिया आणि रदीफ यांच्या चौकटीत, गझल पेलणं ही त्यांची खरी कमाई, आणि ती त्या चार दीवानांत आहे.