कागद नाही, मग पैसे कशाचे?

(पडद्यावर: किंडलवर उघडलेलं मराठी पुस्तक. बोट पान उलटतं.)

ई-पुस्तकाची किंमत बघून हमखास तोंडी येणारं वाक्य: कागद नाही, छपाई नाही, मग एवढे पैसे कशाचे?

याचं मूळ अमेरिकेत आहे. नोव्हेंबर २००७मध्ये ॲमेझॉनने किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं आणि नव्या, गाजणाऱ्या पुस्तकांचा भाव ठेवला ९.९९ डॉलर. यातली बरीच पुस्तकं कंपनीला प्रकाशकाकडून त्याहून महाग पडत होती. पण यंत्र खपायला हवं होतं, म्हणून तोटा सोसला. वाचकाला मात्र तोच पुस्तकाचा खरा भाव वाटू लागला. २०१०च्या जानेवारीअखेर मॅकमिलन या प्रकाशकाने १२.९९ ते १४.९९चा आग्रह धरला, तेव्हा ॲमेझॉनने त्यांच्या पुस्तकांवरचं खरेदीचं बटणच काढून टाकलं. थोड्याच दिवसांत माघारही घेतली. भांडण सगळं दरावरून. मुद्रितं (प्रुफं) नीट तपासली का, हा त्याचा विषयच नव्हता.

त्याच वर्षी लेखकांसाठी ॲमेझॉनचा नवा नियम आला. स्वतः काढलेल्या पुस्तकाची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरमध्ये ठेवली तर ७० टक्के मानधन, एरवी ३५. म्हणजे ९.९९ला विकलं तर हाती जवळपास सात डॉलर. एक डॉलर वाढवलात तर चारसुद्धा नाहीत! लिहायला चार वर्षं लागोत की चार दिवस, चौकट तीच.

आपल्याकडे सरकारचाही हात आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, तो जुलै २०१८मध्ये ५ झाला, पण पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच.

(पडद्यावर: एक शब्द मोठा होतो, ‘स्िथती’.)

डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी आली. जुन्या पुस्तकांच्या फायली बहुतेक युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणारी अक्षरं येण्याच्या, आधीच्या फॉन्टमधल्या. त्या बदलताना वेलांटी अशी मध्येच लटकते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’तला अर्धा र गायब होतो. मग कुणीतरी मूळ प्रत शेजारी ठेवून ओळन्‌ओळ ताडून बघावी लागते. छपाईचा खर्च वाचतो तो इथे निघून जातो. आणि हे काम टाळलं तरी दुकानात कुणाला दिसत नाही.

पहिली काही पानं मात्र नमुना म्हणून फुकट वाचता येतात. तिथेच दोन-तीन वेलांट्या लटकलेल्या दिसल्या, तर किंमत ४९ असो की ३९९, मी तरी बटण दाबत नाही.