ट्रॉल्या थांबल्या, सायकली निघाल्या

(दृश्य : विश्रामबाग चौक, पहाटेचा अंधार. एकेक करून येणारे सायकलचे दिवे.)

हा आमच्या सांगलीतल्या सायकल क्लबाचा चित्रपट. पाचला पाच कमी आहेत. ठरलेली वेळ पाचची, म्हणजे निघणार सव्वापाचला. डावीकडे गिअरची सायकल आहे ना, ती एका दातांच्या डॉक्टरांची. तिच्या शेजारची काळी, मागे कॅरिअर आणि पुढे दोन दांड्यांची, ती निवृत्त मास्तरांची. हिच्यावरून त्यांनी नोकरीभर शाळा गाठली. किमतीत दोन्ही सायकलींचं काहीच जुळत नाही. क्लबात दोघींना जागा एकच.

सांगलीत सायकलचा हंगाम उन्हाळ्यात असतो, असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस हसतो. इतर शहरांतले सायकलवाले थंडीत बाहेर पडतात, अंगात जॅकेट घालून, छान. आणि आम्ही एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना. का, ते पुढच्या दृश्यात दिसेल.

(दृश्य : जानेवारीतलं मोबाइलवरचं चित्रण. रात्र. ऊस भरलेल्या जोडट्रॉल्या.)

हा जानेवारी. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. गाण्यांच्या डेकचा आवाज अर्ध्या कोसावर जातो, मागचा दिवा मात्र लागत नाही. कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात तोवर या जिल्ह्यातला डांबरी रस्ता उसाचा असतो. त्यात कुणाचा दोष काढायचा? ऊस तोडला की लवकर गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. शेतकरी घाईत, ड्रायव्हर घाईत. अशा वेळी अंधारात सायकल घेऊन त्या रस्त्यावर उतरणं म्हणजे मूर्खपणाच.

मग मार्च सरत आला की एकेका कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. ट्रॉल्या घरी जातात, तोडणीच्या टोळ्या गावाकडे निघतात आणि पहाटेचा रस्ता एकदम मोकळा होतो. क्लबाचं वर्ष इथून सुरू होतं.

(दृश्य : शनिवारची संध्याकाळ. अंगणात उलट्या ठेवलेल्या सायकली.)

रविवारची फेरी शनिवारीच सुरू होते असं क्लबातले जुने लोक सांगतात. हे अंगण कुणाचं ते सांगत नाही. पुढच्या शनिवारी निम्मी सांगली आपली सायकल घेऊन दारात यायची.

इथे कुणी कुणाला काम सांगत नाही. ज्याला जे येतं ते तो करतो. हा कॉलेजचा पोरगा साखळी उतरवून रॉकेलमध्ये बुडवतोय. काळं पाणी बघा, हे एका आठवड्याचं. साखळी पुसायची, वाळवायची, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब आणि वरचं तेल फडक्याने टिपून घ्यायचं. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की साखळीला घासणारी पेस्टच होते. नवीन माणूस हमखास तेलाची बाटली उपडी करतो. त्याला कुणी रागवत नाहीत, पुढच्या शनिवारी रॉकेलचा डबा त्याच्याच हातात देतात.

(दृश्य : परातीत पाणी. पाण्यात दाबलेली ट्यूब. बुडबुडे.)

पंक्चर. खरं तर हा चित्रपट पंक्चरवरच काढायला हवा होता.

उन्हाळ्यातलं पंक्चर बहुतेक सराट्याचं. रस्त्याकडेला पसरणारी ती वेल मार्चनंतर वाळते आणि तिची काटेरी फळं डांबरावर येऊन पडतात. कशीही पडली तरी एक काटा आभाळाकडेच. दुसरा शत्रू बाभूळ. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या ओढत नेल्या की मागे काटे राहतात. म्हणून काटा सापडला तरी टायर लगेच चढवायचा नाही. आतून बोट फिरवायचं, हळू, दोनदा. एका काट्याचा भाऊ आत बसलेला असतो.

बघा, हे काका टायरच्या आतून फडकं फिरवतायत. अनुभवी माणूस. बोटाऐवजी फडकं वापरलं की काटा फडक्याला अडकतो. मग ट्यूब खरखरीत कागदाने घासायची, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं नव्या पोरांना जमत नाही. सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबतात, आणि मग रविवारी साडेनऊच्या उन्हात टायर तापला की तो पॅच सुटतो. काका एवढंच म्हणतात, ‘‘फुंकर मारू नकोस लेका. वाळू दे की त्याचं ते.’’

(दृश्य : पुन्हा पहाट. रांगेत निघालेल्या सायकली.)

पुढे एक, मागे एक. पुढच्याने वेग ठरवायचा आणि तो सगळ्यात हळू माणसाचा ठरवायचा. मागच्याने कुणालाही आपल्या मागे सोडायचं नाही. मधले सगळे एकेरी रांगेत. खड्डा आला की पुढचा हात खाली करतो आणि ओरडतो. तो ‘‘खड्डाऽऽ’’ रांगेतून मागे जाताना ऐका. मागे पोचेपर्यंत त्यात थोडं गाणं येतं.

(दृश्य : आयर्विन पूल. उजाडतंय. खाली कृष्णा.)

१९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हा पूल खुला झाला. सांगलीकर पावसाळ्यात याच पुलापाशी पाण्याची पातळी बघायला येतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आत्ता एप्रिलमध्ये खाली बघा, पोरं गुडघाभर पाण्यात उभी आहेत.

नव्या माणसाला पहिल्या रविवारी इथपर्यंतच आणतात. पूल, पलीकडे सांगलीवाडी आणि परत. वीस किलोमीटरसुद्धा होत नाहीत. तरी माणूस घरी जाऊन सांगतो, मी कृष्णेपलीकडे जाऊन आलो.

(दृश्य : तासगाव रस्ता. दुतर्फा द्राक्षबागा. हिरव्या जाळीच्या शेड.)

माधवनगर, बुधगाव, कवलापूर करत तासगावला साधारण पंचवीस किलोमीटर. या रस्त्याचं चित्रण आमच्याकडे सगळ्यात जास्त आहे, कारण कॅमेरावाला या बेदाण्याच्या शेडपाशी थांबला तो हलेचना.

आत चला. एकावर एक बांधलेल्या जाळ्या आणि प्रत्येक जाळीवर द्राक्षं. बागेतून घड आले की आधी द्रावणात बुडवतात. पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि ज्याला इथे सगळे डिपिंग ऑइल म्हणतात ते तेल. त्याने द्राक्षाच्या सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग जाळीवर पसरायचं आणि वाऱ्यावर सोडून द्यायचं. ऊन थेट लागू द्यायचं नाही, ऊन लागलं की रंग काळपट होतो. सावलीत, वाऱ्यावर, पंधरवडाभर. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. मग गंधकाची धुरी, मग मळणी, मग या बायका बसल्यात ना, त्या दाणा दाणा निवडतात. २०१६मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागदावर आहे. आमच्यातल्या प्रत्येकाच्या जर्सीच्या मागच्या खिशात मूठभर बेदाणा आहे, तो शेडच्या मालकाने दिलेला. दोन तास सायकल मारल्यावर दुकानातलं कुठलंही महागडं एनर्जी जेल याच्यापुढे फिकं.

मालकाची नजर मात्र आभाळावर. वळीव आला तर जाळीवरचा माल जातो.

(दृश्य : तासगाव, गणपती मंदिराचं गोपुर. पायरीवर बसलेले सायकलस्वार.)

परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं मंदिर. दक्षिणेतल्या स्वाऱ्यांवरून हे गोपुर मनात घेऊन आले असं सांगतात. इथे चहा. साखर कमी म्हणणाऱ्याला या गावात कमी साखरेचा चहा मिळत नाही.

परत निघालो की वारा. मे महिन्यात पश्चिमेचा वारा ऊन चढेल तसा वाढतो आणि सांगली इथून नैर्ऋत्येला. जाताना जो पाठीवर हात ठेवून होता तो आता छातीवर. रांग इथे उपयोगी पडते. पुढचा वारा कापतो, मागच्यांना कमी लागतो. दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन शेवटी जातो. मास्तर आपल्या काळ्या सायकलवर मध्ये आहेत, मुद्दाम ठेवलेत. त्यांना ते कळतं. ते बोलत नाहीत.

(दृश्य : मिरज–पंढरपूर रस्ता. रुंद महामार्ग. सावली नाही.)

हा दंडोबाच्या डोंगराकडे जाणारा रस्ता. मिरज मागे टाकली की भोसे गावापर्यंत सरळ. रस्ता गुळगुळीत आहे, नाकारत नाही. पण बघा, किती उघडा आहे. जुन्या रस्त्याला दोन्ही बाजूंना झाडं होती. भोशाजवळ एक वड होता, लोक त्याला चारशे वर्षांचा म्हणत. २०२०मध्ये तो महामार्गासाठी तोडायचं ठरलं तेव्हा माणसं त्याच्याभोवती उभी राहिली, गाजावाजा झाला, सरकारने लक्ष घातलं आणि तोडणी थांबली. त्या वडाची पुढची कहाणी वेगळी, आणि आमच्याकडे त्याचं चित्रण नाही. सायकलवाल्याला सावली लागते. गाडीत एसी लावून बसलेल्याने रस्ता आखला की ती नकाशातून पहिली जाते.

आणि साइडपट्टी. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय. पांढऱ्या रेघेच्या बाहेर दीड-दोन हात डांबर, इथवर ठीक. पुढे खडी. पुढे वाळूचा ढीग. पुढे उभा टेम्पो. पुढे चपलांची हातगाडी. सायकलने जायचं कुठून? रेघेच्या आत. आत आलं की मागून हॉर्न. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकाला मागून धडक बसली, कॉलरबोन मोडला, आता बरा आहे. साइडपट्टी मोकळी करा म्हणून अर्ज दिला, पोच मिळाली.

(दृश्य : दंडोबाचा चढ. जंगलातला रस्ता. धापा.)

चढ मोठा नाही. पण सपाटीवर वाढलेल्या सांगलीकराला तो हिमालय. पहिल्या वळणावर गप्पा थांबतात, दुसऱ्यावर गिअर संपतात, तिसऱ्यावर काहीजण उतरून ढकलायला लागतात आणि ढकलणाऱ्यांचीच मजा जास्त चालते. या वहिनी बघा. पन्नाशीत सायकल शिकल्या. मुलाची जुनी सायकल माळ्यावर पडली होती, ती काढली आणि मैदानावर पडत-उठत शिकल्या. आज त्या उतरलेल्या नाहीत. वर डोंगरात कोरलेल्या देवळाच्या गार गाभाऱ्यात जाऊन बसल्यावर म्हणाल्या, ‘‘देवाला सांगितलंय, उतरताना ब्रेक सांभाळ.’’

(दृश्य : हरिपूर. संध्याकाळ. संगमाचा घाट, मुलंबाळं, डबे.)

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सायकल घरच्यांसकट. हरिपूर सांगलीपासून हाकेवर, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. हे गाव हळदीच्या पेवांचं. जमिनीत खोदलेली, अरुंद तोंडाची कोठारं. त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कामातून गेली.

भडंग येतंय बघा. एका पातेल्यात लसूण-मिरचीचं भडंग, त्यावर कांदा, कैरी, कोथिंबीर, वरून लिंबू. कालवायचं हाताने आणि लगेच खायचं. पाच मिनिटं थांबलात तर चिवट. पलीकडे मडक्यात आंबील, नाचणीची, ताक घातलेली. डॉक्टरसाहेब ओआरएसची पाकिटं घेऊन आलेत. ती तशीच राहिलीत, आंबिलीचा तळ दिसतोय.

आणि हे लाकडी पिंप. पॉट आइस्क्रीम. मधल्या डब्यात दूध, साखर, आंब्याचा गर. भोवती बर्फ आणि जाडं मीठ. मिठाने बर्फ जास्त थंड होतो म्हणून आतलं गोठतं, हे मास्तर प्रत्येक वर्षी प्रत्येक पोराला सांगतात. हँडल फिरवायला पोरांची रांग. आधी हलकं फिरतं, सगळे बहाद्दर. नंतर जड होतं आणि रांगेतले एकेक गायब. शेवटची वीस मिनिटं कुणाच्या तरी वडिलांनाच फिरवावं लागतं.

(दृश्य : घाटावरच्या मोकळ्या जागेत स्लो सायकल.)

नियम एकच. पाय टेकायचा नाही, आणि जो शेवटी पोचेल तो जिंकला. लाखाच्या सायकली इथे पहिल्या पोचतात. पातळ टायर, पुढे झुकलेलं शरीर, त्यांना थांबणं जमत नाही. मास्तरांची काळी सायकल मात्र जागच्या जागी हलत उभी. एका हाताने टोपी सारखी करतायत. पोरं ओरडतायत, ‘‘चला की सर!’’ सर ऐकत नाहीत.

बक्षीस बेदाण्याचं एक पाकीट. ते तिथल्या तिथे फोडून वाटलं.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. क्लबाचा ग्रुप. मतदान.)

पुढचा रविवार कुठे, यावर ग्रुपवर तीन दिवस वाद. एक बाजू औदुंबरची : भिलवडीवरून, कृष्णेच्या काठाने, सपाट, देवदर्शन. दुसरी नृसिंहवाडीची : अर्जुनवाडच्या पुलावरून, कृष्णा-पंचगंगेचा संगम. औदुंबरवाले पुढे होते. मग कुणीतरी फक्त नृसिंहवाडीच्या कवठाच्या बर्फीचा फोटो टाकला आणि मतं फिरली. औदुंबरवाल्यांचं म्हणणं, हा आचारसंहितेचा भंग आहे. तक्रार नोंदवून घेतली आहे.

नृसिंहवाडी ठरली. पाच वाजता, म्हणजे पाचलाच. जास्तीच्या ट्यूब दोन आणा, शिरोळच्या बाजूला सराटे फार झालेत.