मागची भिंत

(दृश्य: सोसायटीचं मुख्य फाटक. पेव्हर ब्लॉक, सरळ रेषेत कापलेलं मेंदीचं कुंपण, गेरू लावलेल्या कुंड्या.)

पुण्यात कोथरूडच्या बाजूला अशा चारमजली सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. दर्शनी भाग चकाचक. सकाळ-संध्याकाळ झाडू, पडलेलं पान तासाभरात उचललेलं. बघायला छान वाटतं, पण पारवे सोडले तर इथे पाखरू म्हणून फारसं फिरकत नाही. तेव्हा आपण पंपाच्या खोलीला वळसा घालून मागे जाऊ.

(दृश्य: मागची भिंत. पालापाचोळा, कंपोस्टचा खड्डा, एकावर एक रचलेल्या जुन्या फरश्या.)

इथे झाडू लागला तर लागला. कुणीतरी कधीकाळी लावलेला कढीपत्ता, एक पपई, एक फांदी पार वाळलेला गुलमोहर, आणि कुणीच न लावलेला उंबर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये या पट्ट्याचा विषय निघतो तो 'मागची घाण' म्हणून. आजची आपली फिल्म या घाणीवर आहे.

(आवाज: दयाळची शीळ.)

मार्च महिना, अजून उजाडायचंय. पाण्याच्या टाकीवर बसून गातोय तो दयाळ. काळा-पांढरा, शेपटी ताठ उभी. थंडीत हाच पक्षी इथे पाचोळ्यात किडे उचलत हिंडत असतो, तेव्हा त्याचं अस्तित्वही जाणवत नाही. विणीचा हंगाम जवळ आला की नर उंच जागा गाठतो आणि दुसऱ्या नरांना बजावतो, ही जागा माझी. चौथ्या मजल्यावरच्यांची झोपमोड होते, ती होतेच.

(दृश्य: कढीपत्त्याचं पान, अगदी जवळून.)

आता कढीपत्त्यापाशी या. पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतंय. थोडं थांबा. सरकलं! ही 'कॉमन मॉर्मन' फुलपाखराची अळी. लहान असताना ती हुबेहूब शिटेसारखी दिसते, त्यामुळे पाखरं सहसा चोच लावत नाहीत. तीन-चारदा कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानांत बेमालूम मिसळून जाते. डिवचलं, की डोक्यामागून दोन टोकांचा लालसर अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हिच्यामुळे कढीपत्त्याची पानं कुरतडली जातात हे खरं. फोडणीला चार पानं कमी पडतात म्हणून लोक झाडावर औषध मारतात. मारू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण या आणि असल्या बारीकसारीक अळ्यांवर पलीकडे एक घर चालतं.

(दृश्य: उंबराचा खालचा फुटवा. दोन पानं एकमेकांना चिकटल्यासारखी.)

हे शिंपी पक्ष्याचं घर. मातकट हिरवा, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी वर. जीव एवढासा आणि आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जाईल एवढा. बारकाईने बघा. मादीने पानांच्या कडांना चोचीने बारीक भोकं पाडली आहेत. त्यातून कोळ्याचं जाळं, कापूस, झाडाचे तंतू असं मिळेल ते ओवून घेतलंय. गाठ कुठेच नाही. भोकातून बाहेर आलेलं टोक फुगून पसरतं, त्यामुळे टाका मागे सरकत नाही. भोकं इतकी लहान, की पान हिरवं राहतं आणि घरटं डोळ्यांसमोर असून दिसत नाही. या शिवलेल्या द्रोणात आत मऊ गादी, तीत पिल्लं. त्यांना दिवसभर अळ्या भरवाव्या लागतात. आता मागच्या कोपऱ्यातला कोळी जळमट म्हणून काढला, अळी औषधाने मारली, फुटवा छाटला, तर शिंप्याने राहायचं कुठे आणि खायचं काय?

चिमण्यांचंही तसंच आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना किडेच लागतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. त्या दिवशी दाण्यापाण्याची भांडी भरपूर टांगली जातात. पाणी हवंच. पण किडे नसतील तर नुसत्या दाण्यांनी चिमणीचा संसार वाढत नाही. दाण्यांनी वाढतात ते पारवे. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद 2025 मध्ये थेट हायकोर्टात गेला, तो उगाच नाही. पारव्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीचा काहींच्या फुप्फुसांना खरोखर त्रास होतो.

(आवाज: टुक... टुक... टुक...)

दुपारचं ऊन तापलं की ही टुकटुक सुरू. हा तांबट. गातो तेव्हा चोच मिटलेली असते, फक्त गळ्याचा पिवळा भाग फुगतो. गुलमोहराच्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला ते गोल भोक दिसतंय? ते नर-मादीने मिळून कोरलंय. ओल्या लाकडात त्याचं काम होत नाही, वठलेली फांदीच लागते. पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये छाटणी निघते, तेव्हा पहिली कुऱ्हाड नेमकी याच फांदीवर पडते. पार्किंगवर झुकलेली फांदी धोक्याची असते, ती उतरवायलाच हवी, मात्र आधी ढोलीत पिल्लं आहेत का बघून. जिच्याखाली गाडीही उभी राहत नाही आणि माणूसही, ती राहू द्यायला काय हरकत आहे? शिवाय शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. माळ्याला हाक मारली आणि तोडलं, असं चालत नाही.

आणि हा उंबर लावला कुणी? बहुधा या तांबटाने, नाहीतर बुलबुलाने, नाहीतर रात्रीच्या पाहुण्याने. फळ खाल्लं, उडाला, भिंतीच्या फटीत बी पडलं.

(दृश्य: पोर्च. जमिनीवर कुरतडलेले देशी बदाम.)

त्या पाहुण्याचा हा माग. या आवारात बदामाचं झाड नाही, तरी पोर्चमध्ये रोज सकाळी चावलेले बदाम पडलेले असतात. वटवाघळं फळ तोडून आणतात, पोर्चच्या छताला उलटी लटकून निवांत खातात, चोथा थुंकतात. झाडणाऱ्या मावशींचा वैताग समजण्यासारखा आहे.

पिकलेली पपई अर्धी पोखरली गेली, त्यात मात्र वटवाघळांबरोबर आणखी एक संशयित आहे. कांडेचोर, म्हणजेच उदमांजर. केबलवरून, पाइपावरून बिनआवाज येतं. माळ्यावर धडपड ऐकू आली तर भुताआधी त्याचा विचार करा.

(दृश्य: रात्र. भिंतीवरचा दिवा, पाली. फरश्यांमधून निघालेला पट्ट्यापट्ट्यांचा साप.)

पावसाळ्यात हे हमखास घडतं.

"काका, मण्यार आली हो! काठी आणा!"

"थांबा ताई, मारू नका. बघू दे आधी."

काका बरोबर आहेत. पुण्यात सोसायट्यांमध्ये मण्यार समजून मारले जाणारे कितीतरी साप कवड्या असतात. कवड्या बिनविषारी, पालींच्या मागे भिंतीवरही चढणारा. तपकिरी अंगावर फिकट पट्टे, मानेपासूनच सुरू झालेले, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यार निळसर काळी, चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत गेलेले. हे फरक फोटोत सोपे दिसतात. अंधारात, घाबरलेल्या डोळ्यांना ते दिसतीलच असं नाही, आणि मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही म्हणून जास्त घातक. तेव्हा ओळख पटवायला जवळ जाऊ नका. लांब उभं राहून सापावर नजर ठेवा, मुलांना आत पाठवा, सर्पमित्राला फोन करा.

इथे 'घाण हटवा' म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं आम्हाला मान्य आहे. फरश्यांची रास आणि उघडं खरकटं दाराजवळ नको. खरकट्यावर उंदीर येतात, उंदरांमागे नाग नि घोणस. फरश्या हलवा, खड्डा झाका. पाचोळा, उंबर, वाळकी फांदी आणि कढीपत्ता यांना मात्र हात लावू नका. दोन्ही गोष्टी एका ठरावात बसवू नयेत.

(दृश्य: नोव्हेंबरची सकाळ. पार्किंग. करडा धोबी पक्षी.)

5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचे हे दिवस. या काळात पक्षी बघायला भिगवणला गाड्या भरभरून जातात, जरूर जा. जाताना पार्किंगमध्ये गाडीच्या चाकापाशी शेपटी वरखाली करत पळणारा करडा धोबी दिसेल. हिमालयाकडून उतरून तो केव्हाचाच इथे आलाय आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्कामाला आहे. गाडी जरा सावकाश मागे घ्या.